नमद्याचे बटवे

त्या हिवाळ्यात डोंगरातल्या नारीन गावात कुणी कुणाशी हात मिळवायला धजावत नव्हतं. हात पुढे केला की चट् आवाज व्हायचा आणि दोघंही बोटं झटकत एकमेकांना शिव्या घालायचे. नदी गोठली होती, डोंगर पांढरे पडले होते, पण हवेत ओलाव्याचं नाव नव्हतं. दाराच्या कडीला हात लावला तरी ठिणगी, पोरांच्या डोक्यावरची टोपी काढली तरी ठिणगी. शेजारची बुरुल तर म्हणायची, "माझा म्हातारा दहा वर्षांनी लाडात येऊन जवळ सरकला, तर नाकावर अशी वीज पडली त्याच्या! आता वसंतापर्यंत फिरकत नाही."

सायराकान आपाच्या घरी हा त्रास सगळ्यात जास्त होता, कारण पुढची खोली सोडली तर त्या घरात नमदा नाही अशी जागाच नव्हती. जमिनीवर नमदा, भिंतीवर नमदा, बाकावर नमदा, चहाच्या समोवारखाली नमद्याचा गोल तुकडा. आपा साठी ओलांडलेली, पण लोकर तुडवून, लाटून नमदा करायला बसली की तरण्या बायकांना दम लागायचा. दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून ती एकाच फटक्यात मेंढ्याच्या शिंगांची नक्षी कापायची. याची शिंगं त्याच्या खाचेत, त्याची याच्या खाचेत, चिंधीभरही वाया नाही. तिने केलेले शिरदाक, म्हणजे असे नक्षीचे गालिचे, लग्नात हुंड्यात देताना लोक ते आधी उलटे करून टाके दाखवायचे. स्वतःबद्दल आपाचं मत चांगलंच होतं आणि ते ती लपवतही नसे.

घरातली पुढची खोली मात्र सुनेची होती. मीरगुल कॉम्प्युटर दुरुस्त करायची. लग्न होऊन आली तेव्हा आपाने नाक मुरडलं होतं, "बाईमाणसाने स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायचं आणि मी काय तिच्यापुढे चहा नेऊन ठेवायचा?" पण पुढे खरंच नेऊन ठेवायला लागली. नवरा गेल्यापासून घर तिला खायला उठायचं. मुलगा तिलेक राजधानी बिश्केकपर्यंत प्रवासी व्हॅन चालवायचा, आठवड्यातले निम्मे दिवस रस्त्यावर. पुढच्या खोलीत मीरगुल गुणगुणत काम करते आहे, गिऱ्हाईक येतंय, दार वाजतंय, एवढ्यानेच आपाचा दिवस सरायचा. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सुनेला तर मुळीच नाही.

त्या हिवाळ्याच्या आधी, शरदात एके दिवशी जेवताना तिलेक म्हणाला, "आपा, बिश्केकला एका मोठ्या दुकानात हिला बोलावलंय. इथं वसंतापर्यंत धंद्याने जोर धरला तर ठीक, नाहीतर आम्ही दोघंही तिकडेच बिऱ्हाड करावं म्हणतो. तुम्ही पण चला."

"मी? सातव्या मजल्यावर बसून लोकर कुठं तुडवू, लिफ्टमध्ये?" आपा म्हणाली आणि दुसरा विषय काढला.

रडून किंवा रुसून सुनेला अडवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने ठरवलं, या पोरीला आपलं घर इतकं गोड वाटलं पाहिजे की पाय निघता कामा नये. त्यासाठी आपल्या हातात काय आहे? नमदा आहे.

आणि तिच्या डोळ्यांत कधीपासून एक गोष्ट सलत होतीच. मीरगुलचे ते किमती सुटे भाग, ती मेमरीची पट्टी म्हणे आणि ती डिस्क म्हणे, सगळे चंदेरी प्लास्टिकच्या पिशव्यांत पडलेले असायचे. वेफर्सच्या पुड्या बऱ्या दिसतात त्यापेक्षा! आपल्याकडे आरसा असो, कात्री असो, तान्ह्या मुलाची नाळ असो, जपायची वस्तू लोकरीत गुंडाळून ठेवायची. त्या बिचाऱ्या पट्ट्या हिवाळ्यात अशा उघड्याबोडक्या? आपाने मनाशी ठरवलं, वसंतात नवरोजच्या सणाला सुनेला बटव्यांचा संच द्यायचा. प्रत्येक भागाला मापात बसणारा नमद्याचा बटवा, वर लाल-काळी नक्षी, लोकरीची गाठ.

आता माप घ्यायचं म्हणजे वस्तू हातात हवी. मीरगुल दुपारी दुरुस्त केलेली यंत्रं लोकांच्या घरी पोचवायला जायची. ती फाटकाबाहेर पडली की आपा लोकरीचे मोजे घासत पुढच्या खोलीत शिरायची, चंदेरी पिशवी हळूच उघडायची आणि पट्टी काढून नमद्यावर ठेवायची. साबणाच्या वडीने कडेकडेने रेघ मारायची. कापायचं, टाके घालायचे, पट्टी आत सरकवून बघायची, घट्ट झाली तर बाहेर काढून एक टाका सैल करायचा. नवरीला झगा बेतताना सुद्धा तिने इतका जीव लावला नव्हता. सरतेशेवटी मऊ लोकरीच्या बोळ्याने पट्टी चकचकीत पुसायची आणि होती तश्शी चंदेरी पिशवीत परत. कुणाच्या बापाला कळू नये अशी.

हिवाळा वाढला आणि मीरगुलचं गुणगुणणं बंद झालं.

"काय गं, घशाला काही झालंय का?" आपाने चहा ठेवत विचारलं.

"घशाला काही नाही, आपा. हाताला झालंय." मीरगुल डोकं धरून बसली होती. "नवीन पट्टी बसवते, यंत्र चालूच होत नाही. एक चालू झालं तर दोन दिवसांनी गिऱ्हाईक परत घेऊन आलं. बिश्केकच्या व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, बाई, माल इथून तपासून पाठवतो, तुमच्या हातात येऊनच मरतो."

"त्याचीच जीभ झडो!"

"पण मी सगळं करते हो." मीरगुलने मनगटावरचा पट्टा दाखवला. त्याची वायर भिंतीलगतच्या गरम पाण्याच्या पाइपाला चिमट्याने लावलेली होती. "पट्टा बांधल्याशिवाय हात लावत नाही. टेबलावर रबरी चटई आहे. मागे एका पट्टीला लाल लोकरीचा धागा चिकटलेला दिसला, तेव्हापासून शालसुद्धा अंगावर घेत नाही इथं."

म्हणजे ही पोरगी एवढ्या कडाक्याच्या थंडीत सुती सदऱ्यावर बसायची ती त्यासाठी होय! आपा तर रोज तिला त्यावरून बोलत होती. लाल धागा ऐकून आपा क्षणभर चपापली खरी, पण घरात सगळीकडेच लाल धागे होते, त्यात काय! गुपित फुटलं नाही याचंच तिला बरं वाटलं. आणि दोष कुठे आहे ते तिने ताबडतोब शोधून काढलं. ही दृष्ट होती, आणि दृष्ट बुरुलची होती. तीच येता-जाता म्हणायची, "सायरा, तुझी सून म्हणजे सोनं हो, सोनं!" आणि दृष्ट लागू नये म्हणून थुंकायचीही नाही मेली.

दुसऱ्या दिवशी आपाने दृष्ट काढायला आर्चा झाडाच्या सुवासिक फांद्या पेटवल्या आणि पुढच्या खोलीत कोपऱ्याकोपऱ्यातून धूर फिरवला. मीरगुल खोकत खोकत टेबल झाकत होती. बुरुल नेहमीप्रमाणे चहाला आली, तर आपाने तिला दारातूनच सांगितलं, दूध संपलंय.

"दूध संपलंय? तुझ्या दोन गाई मागे हंबरताहेत त्या काय वाळलेल्या आहेत?"

"त्यांची तब्येत बरी नाही."

"आणि तुझी?" बुरुल म्हणाली आणि तरातरा निघून गेली. जाताना फाटकाला हात लावला तर ठिणगी उडाली, तिने फाटकालाही एक शिवी हासडली.

धुराने काही फरक पडला नाही. गिऱ्हाईक आटलं. तिलेक बिश्केकहून आला की नवराबायको हळू आवाजात बोलायची आणि आपा भिंतीपलीकडे सुई हातात धरून नुसती बसायची. मग घाईघाईने आणखी एक बटवा बेतायची. पोरीचं जायचं पक्कं होण्याआधी संच पुरा झाला पाहिजे, या एका ध्यासापायी ती दुपारी दोन-दोन पिशव्या उघडू लागली.

अशात जुमाश आगाय, म्हणजे जुमाश मास्तर, देवासारखे धावून आले. गावातल्या शाळेत ते गणित शिकवायचे आणि कॉम्प्युटरचा वर्गही त्यांच्याच गळ्यात होता. वर्गातली सगळी यंत्रं म्हातारी झाली होती, त्या सगळ्यांना नव्या पट्ट्या घालायच्या होत्या. एवढं मोठं काम गावात कुणाला मिळालं नव्हतं. हे नीट पार पडलं तर दुकान तरलं, हे घरातल्या तिघांनाही न बोलता कळलं होतं. तिलेकने बिश्केकहून पट्ट्यांचा सीलबंद डबा आणला आणि व्हॅनमधून मांडीवर बाळ आणावं तसा घरात आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीरगुल शाळेत गेली. आपाने खिडकीतून ती वळणापर्यंत गेलेली पाहिली आणि बटव्यांचं गाठोडं काढलं. तिच्या मनात बेत शिजला होता. नवरोजची वाट कशाला बघायची? शाळेच्या सगळ्या पट्ट्या आजच बटव्यांत घालून ओळीने मांडून ठेवायच्या. पोरगी परत येईल, बघेल, आणि मग बिश्केकचं नाव काढेल का? आपा स्वतःशीच हसली. तिने डबा पुढे ओढला, सीलवर कात्रीचं टोक टेकवलं.

तोच फाटक वाजलं.

आपाने डबा जिथल्या तिथे ढकलला, गाठोडं बगलेत मारलं आणि या वयात शोभणार नाही अशी धूम ठोकून आतल्या खोलीत आली. मीरगुल आत आली ती जुमाश आगायना घेऊनच.

"आपा, आगाय चहाला आलेत." मीरगुलचा चेहरा पडलेला होता.

जमिनीवर दस्तरखानाचं कापड पसरलं, त्यावर तळलेले बोरसोक ओतले, साय आली, जॅम आला. आगायना मानाच्या जागी बसवलं. त्यांनी पेला हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"आपा, तुमची सून हट्टी आहे हो," ते म्हणाले. "शाळेच्या फाटकातून मला ओढत आणलंय. काय, तर म्हणे डबा परत घेऊन जा."

"परत?" आपा किटली धरूनच तिच्याकडे वळली.

"हो, आपा," मीरगुल म्हणाली. "हिवाळाभर माझ्या हातात पट्ट्या मरताहेत. का, ते मला सापडलेलं नाही. जोवर सापडत नाही तोवर मुलांच्या यंत्रांना हात लावायचा मला हक्क नाही. कदाचित मला हे कामच येत नसेल. बिश्केकला जाऊन कुणाच्या हाताखाली नव्याने शिकेन."

"पण मरतात म्हणजे कशाने मरतात?" आगायनी विचारलं. "इतक्या नाजूक असतात?"

मीरगुलने आपाच्या मांडीवरचा नमद्याचा एक तुकडा उचलला, प्लास्टिकच्या फूटपट्टीवर खसाखसा घासला आणि फूटपट्टी कागदाच्या कपट्यांवर धरली. कपटे टुणकन उडून फूटपट्टीला चिकटले.

"ही वीज बघा, आगाय. अशीच ती आपल्या अंगातही साठते. आपल्याला जो चटका बसतो ना, तेवढी तर खूप झाली. मेमरीच्या पट्टीला तिचा शंभरावा भागसुद्धा पुरतो, आपल्याला कळतही नाही. म्हणून त्या चंदेरी पिशव्या असतात, त्या वीज आत जाऊ देत नाहीत. पिशवीतून काढताना अंगातली वीज मनगटाच्या पट्ट्यातून पाइपात सोडून द्यायची. आणि लोकर तर पट्टीची वैरीणच. म्हणून त्या खोलीत मी लोकरीचा धागासुद्धा ठेवत नाही."

आपाने ओठांशी नेलेला पेला खाली ठेवला.

तिला एकेक पट्टी आठवली. नमद्यावर आडवी ठेवलेली. बटव्यात घातलेली, काढलेली, पुन्हा घातलेली. लोकरीच्या बोळ्याने पुसलेली, मायेने, दोन्ही बाजूंनी. तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. या बोटांनी तिने हिवाळाभर सुनेला घराबाहेर ढकललं होतं, आणि प्रत्येक टाक्यागणिक तिला वाटत होतं की आपण तिला जवळ ओढतोय.

गप्प बसता आलं असतं. यापुढे हात लावायचा नाही, बस्स, कुणाला काही कळलं नसतं. पण डबा परत जात होता. आणि ती पोरगी मान खाली घालून परक्या माणसासमोर म्हणत होती, मला काम येत नाही. सासूने सुनेपुढे चूक कबूल करायची, ती सुद्धा शाळामास्तर मानाच्या जागी बसलेला असताना! आपाच्या आयुष्यात अशी वेळ आली नव्हती.

ती उठली, आतून गाठोडं घेऊन आली आणि दस्तरखानावर बोरसोकांच्या मधोमध उलटं केलं. लाल, काळे, पांढरे बटवे पसरले.

"हे काय, आपा?" मीरगुल म्हणाली.

"तुझ्या पट्ट्यांचे कपडे." आपाचा आवाज तिलाच ओळखू येईना. "नवरोजला देणार होते. तू बाहेर गेलीस की माप घ्यायची एकेकीचं. नमद्यावर ठेवून. वर लोकरीने पुसायचीसुद्धा." तिने आपला हात पुढे केला. "तुझा हात चांगला आहे, पोरी. हा माझा हात. मीच मारल्या त्या."

मीरगुलने एक बटवा उचलला, उलटा करून टाके पाहिले, पुन्हा सुलटा केला. त्यावर शिंगांच्या मधोमध आपाने पट्टीवरचे छोटे चौकोनही टाक्यांनी काढले होते, जितके होते तितके.

"पण का, आपा?"

"उघड्या पडल्यात असं वाटलं मला त्या. आणि..." पुढचं बोलायला आपाला फार जड गेलं, पण ती बोलली. "आणि तू जाऊ नयेस म्हणून. तू गेलीस की या घरात मी आणि हे नमदेच गं."

मीरगुलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्याच वेळी तिला हसू फुटलं. आधी खुदकन, मग इतकं की तिला धड बसवेना. "पुसायच्या! आपा, पुसायच्या सुद्धा! आणि मी त्या बिचाऱ्या व्यापाऱ्याला हिवाळाभर चोर म्हणत्येय!"

"आणि मी बुरुलला!" आपा म्हणाली, आणि तीही हसायला लागली. मीरगुलने तिला मिठी मारली तर दोघींच्या मध्ये चट् ठिणगी उडाली. आगाय पेला सांडेपर्यंत हसले.

"बरं, आता डब्याचं काय?" डोळे पुसत ते म्हणाले.

"डब्याला हात लावलेला नाही. कात्री टेकवली होती फक्त," आपा लगबगीने म्हणाली. "सील बघा हवं तर."

आगायनी जाऊन सील खरंच निरखून पाहिलं. गणिताचे शिक्षक ते! "काम मीरगुलच करेल," ते म्हणाले. "पण एक अट आहे. उद्या आपांनाही शाळेत घेऊन ये. डोळ्यांसमोर असल्या म्हणजे मी निर्धास्त."

संध्याकाळी मीरगुलने मेलेल्या पट्ट्यांचा खण ओतला आणि एकेक पट्टी तिच्या बटव्यात घातली. सगळ्या अशा चपखल बसल्या की तिने मान डोलावली. "माप मात्र अचूक आहे हं, आपा." मग बटव्यांची तोंडं शिवून तिने दृष्टीच्या ताइतासारखी त्यांची माळ दुकानाच्या दाराबाहेर टांगली. आपा ताजी साय घेऊन बुरुलकडे गेली. बुरुलने सगळं ऐकून घेतलं, पोट धरून हसली आणि साय ठेवून घेत म्हणाली, "माझी दृष्ट एवढी जालीम असती तर माझ्या सासूला मी कधीच लावली असती! त्यातला एक बटवा मला पाहिजे, गाईच्या गोठ्याला." तुझ्या गाई बऱ्या झाल्या का, हेही विचारायला ती विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात मीरगुलने आपाची नमद्याची बंडी उतरवली, लोकरीची शाल काढली, मोजेसुद्धा काढायला लावले. आपाच्या अंगावर उरला तो सुती झगा आणि शाळेच्या आचारणीचा ॲप्रन. "लग्नात सुद्धा मला कुणी इतकं तपासलं नव्हतं," आपा पुटपुटली. मीरगुलने तिला पाइपाजवळ खुर्चीवर बसवलं, दुसरा पट्टा काढून तिच्या मनगटाला बांधला आणि चिमटा पाइपाला लावला.

"आता द्या एकेक. कडेला धरायचं, मधे बोट नाही. आणि पुसायचं नाही!"

आपाने श्वास रोखून चंदेरी पिशवीतून पहिली पट्टी काढली आणि पुढे केली. मीरगुलने ती खाचेत दाबली, बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. आपाच्या तोंडचं पाणी पळालं. मग एक निळी रेघ आली, मग सगळा पडदा उजळला, आणि मुलांनी ओरडून वर्ग डोक्यावर घेतला. दुसरा उजळला. तिसरा उजळला. आपा पट्ट्या देत राहिली. शेवटच्या यंत्राच्या वेळी तर मीरगुल चक्क गुणगुणत होती.

तेवढ्यात तिलेकचा फोन आला. बिश्केकचा दुकानदार उत्तर मागत होता.

"त्याला म्हणावं, जागा दुसऱ्या कुणाला दे," मीरगुल फोन खांद्याने कानाशी धरून म्हणाली. "मला इथं मदतनीस मिळालीये. जरा वयस्कर आहे, पण टिकेल."

हे बुरुलला सांगितल्याशिवाय आपाला घास गेला नसता. ती तशीच ताडकन उठली आणि दाराकडे निघाली. दोन पावलांवर मनगटाला हिसका बसला आणि तिला मागे यावं लागलं.

"कुठं निघालात, आपा?" मीरगुल हसली. "बांधलंय तुम्हाला."

आपाने मनगटाकडे पाहिलं, पाइपाकडे पाहिलं. शेजारीच, त्याच पाइपाला, मीरगुलच्या मनगटावरच्या पट्ट्याची वायर लावलेली होती. हिवाळाभर सुनेला बांधून ठेवायला तिने काय काय केलं होतं! ती परत खुर्चीत बसली. "असू दे," ती म्हणाली, "इतक्यात सोडू नकोस."